न कळण्याचे अकरा दिवस

आशा धरणे ही माणसाची मर्जी आहे की त्याचे कर्तव्य? आणि जी आशा पुढे खोटी ठरते, ती धरण्यात चूकच झाली असे म्हणावे काय? हा प्रश्न आमच्यापुढे पुस्तकातून आला नाही. तो सोनोग्राफीच्या अंधाऱ्या खोलीत आला.

आम्ही दोघे नवरा-बायको उर्दू माध्यमाच्या हायस्कूलात शिकवतो. याआधी दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसरा महिना पुरा झाला नाही. 2022 च्या जुलैत तिसऱ्यांदा दिवस राहिले, तेव्हा अम्मी एवढेच म्हणाल्या, "अभी किसी को बोलना नहीं." आम्ही बोललो नाही. खरे सांगायचे तर एकमेकांशीही फारसे बोललो नाही. या वेळी जीव लावायचाच नाही, म्हणजे गेले तर कमी दुखेल, असा हिशेब दोघांनी मनातल्या मनात केला होता.

तारखेप्रमाणे सात आठवडे होत आले तेव्हा मिरजेला तपासणी झाली. गर्भाची पिशवी 16 मि.मी. होती. तिच्यात योक सॅक, म्हणजे गर्भाला सुरुवातीचे पोषण देणारी लहानशी गोल पिशवी, दिसत होती. गर्भ मात्र दिसला नाही, म्हणून ठोक्यांचा प्रश्नच नव्हता. डॉक्टर म्हणाले, "आज काहीच सांगता येणार नाही. तारखा मागेपुढे असू शकतात. अकरा दिवसांनी या."

आम्हाला राग आला. एवढे मोठे यंत्र, एवढे शिकलेले डॉक्टर, आणि उत्तर काय, तर सांगता येत नाही! वाईट असेल तर वाईट सांगा, पण सांगा, असे वाटले.

घरी येऊन वाचले तेव्हा या थांबण्यामागचे कारण समजले. पूर्वी काही ठिकाणी गर्भ 5 मि.मी.चा असून ठोके नसले, की गर्भ गेला असे ठरवीत. पण अशा मोजणीत काही जिवंत गर्भही सापडू शकतात, हे लक्षात आले. म्हणून 2013 साली अमेरिकेतील तज्ज्ञांच्या गटाने मर्यादा वाढवली. गर्भ 7 मि.मी.चा होऊनही ठोके नाहीत, किंवा पिशवी 25 मि.मी.ची होऊनही गर्भ नाही, तरच खात्रीने सांगावे. योक सॅक दिसते पण गर्भ नाही, अशा वेळी निदान अकरा दिवस थांबून पुन्हा पाहावे.

याचा अर्थ आम्ही असा लावला, की ते अकरा दिवस डॉक्टरांचा अनिर्णय नव्हता. एकाही जिवंत गर्भाचा चुकून घात होऊ नये म्हणून अनेकांनी थोडा ताण सोसावा, असा तो नैतिक निर्णय होता. आमच्या ताणाच्या बदल्यात कुणा दुसऱ्या घरचा जीव वाचत असेल, तर ते थांबणे निव्वळ आमचे दुःख राहत नाही. ती एक अमानत होते.

आम्ही शिक्षक आहोत. परीक्षेला न आलेल्या मुलाच्या नावापुढे आम्ही शून्य लिहीत नाही, 'गैरहजर' लिहितो. शून्य हा निकाल आहे, गैरहजर हा निकाल नव्हे. पण स्वतःच्या बाबतीत आम्ही पहिल्याच दिवशी शून्य लिहून मोकळे होऊ पाहत होतो. माहीत नसणे माणसाला एवढे जड जाते, की त्यापेक्षा वाईट बातमीही बरी वाटते.

हजरत याकूब (अ.) यांची हकिकत आम्ही लहानपणापासून ऐकली आहे. मुलांनी युसूफचा रक्ताने माखलेला सदरा आणून पुढे टाकला. तो एक प्रकारचा अहवालच होता. त्यांनी तो खरा मानला नाही. पण मुलगा सुखरूप असल्याचा पुरावाही हातात नव्हता. ते रडले, डोळे पांढरे पडेपर्यंत रडले, आणि तरी मुलांना त्यांनी निराश होऊ नका असेच सांगितले. आपल्या घरांतून मात्र 'सब्र करो' याचा अर्थ 'रडू नका' असा घेतला जातो. आम्हाला वाटते, रडणे आणि आशा दोन्ही एकाच काळजात राहू देणे, यालाच सब्र म्हणत असावेत.

त्या अकरा दिवसांत आम्ही फॉलिक ॲसिडची गोळी बंद केली नाही. आठव्या दिवशी मनात आले, ही कोणासाठी? आत कोणी नसेलच तर हे नाटक नाही का? मग वाटले, नाही. कोणी असेल तर हा त्याचा हक्क आहे. तो पुढे जगेल की नाही, यावर आजचा हक्क ठरत नाही.

अकराव्या दिवशी पिशवी थोडी वाढली होती. गर्भ नव्हता. या वेळी उत्तर स्पष्ट होते.

मग आमची आशा चुकली काय? अंदाज चुकतो किंवा बरोबर येतो, ते निकालावरून ठरते. आशा हा अंदाज नव्हता, तो वागण्याचा एक प्रकार होता, आणि त्या दिवसांत तसे वागणेच योग्य होते. जीव न लावण्याचा हिशेब मात्र साफ चुकला. दुःख तेवढेच झाले. कमी झाले ते फक्त एकमेकांशी बोलणे.

आणखी एक सांगितले पाहिजे. अशा वेळी बायका स्वतःला दोष देतात. बादली उचलली, बसने गेले, जिना चढले. सुरुवातीच्या महिन्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी निम्म्यांच्या आसपास गर्भातल्या गुणसूत्रांच्या दोषामुळे होतात. बादलीचा त्याच्याशी संबंध नसतो. हे घरातल्या पुरुषांनी आणि मोठ्या बायकांनी मोठ्याने म्हटले पाहिजे.

तेव्हाच्या 1961 च्या प्रसूती लाभ कायद्यात गर्भपातासाठी सहा आठवड्यांच्या पगारी रजेची तरतूद होती. थांबण्यासाठी रजा नाही. आम्ही किरकोळ रजेच्या अर्जात 'कौटुंबिक कारण' लिहिले. एका सहकारी बाईंनी तो वाचला, काही विचारले नाही, आणि आमचे तास वाटून घेतले.

आता कोणी सांगते, की डॉक्टरांनी थांबायला सांगितले आहे, तेव्हा 'इन्शाअल्लाह, सब ठीक होगा' म्हणून आम्ही विषय संपवत नाही. विचारतो, पुढची तपासणी कोणत्या दिवशी आहे? सोबत कोण येणार? आणि तुमचे तास कोण घेणार?