पाठ केलेलं उत्तर

दिलसुखनगरात शिकवणीवर्गांच्या पाट्या मोजाव्या तेवढ्या थोड्याच. आता पीएच.डी.च्या मुलाखतीचीही उत्तरं तयार मिळतात. २०२२ च्या यूजीसी नियमांनुसार विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत लेखीला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन. त्या तिसांसाठी पोरी घोकतात, 'मला लहानपणापासून संशोधनाची आवड.' नसली तरी!

मग तयारी करणं खोटेपणा का? नाही. आपला विषय नीट मांडायला सराव हवाच. पण दुसऱ्याचं मन आपलं म्हणून सांगणं वेगळं. सत्याणुव्रताच्या अतिचारांत मिथ्योपदेश येतो, म्हणजे दुसऱ्याला खोट्या वाटेला लावणं. तेव्हा दोष घोकणारीपेक्षा घोकवणाऱ्यांचा, आणि त्यात आपण आयाही आल्याच. लेकीला "हे मला माहीत नाही, सर" म्हणायला शिकवूया. उसन्या आवडीवर प्रवेश मिळेलही, पण पुढची किमान तीन वर्षं तिलाच काढायची आहेत.