उरलेल्यांचे कर्तव्य

ख्रिस्ती समाजावर कुठे हल्ला झाला की आपल्या मोबाइलवर एक संदेश फिरू लागतो. वर जळालेल्या प्रार्थनामंदिराचे छायाचित्र, खाली रक्तसाक्षींच्या रक्ताला बीज म्हणणारे प्राचीन ख्रिस्ती लेखक तर्तुल्यानचे वचन. रविवारच्या प्रवचनातही तेच ऐकू येते: छळाने ख्रिस्तसभा वाढतेच, तेव्हा भिण्याचे कारण नाही. सुरक्षित गावात, पंख्याखाली बसून आपण हे ऐकतो, मान डोलावतो आणि घरी जातो. २००८ साली ओडिशातल्या कंधमालमध्ये घरे जळाली, माणसे रानात पळाली, आणि जिवाच्या भीतीने अनेकांना धर्म सोडल्याचे चारचौघांत कबूल करावे लागले. त्यांच्याविषयी आपल्याच लोकांनी ‘त्यांची श्रद्धाच कच्ची होती’ असे म्हणावे, याची मला लाज वाटते. दुसऱ्याच्या छळातून आपला धीर वाढवून घेणे हा श्रद्धेचा प्रकार नव्हे. त्याला परंपरेचा आधार असल्याचे सांगितले जाते, तोही खरा नाही.

तर्तुल्यानने ते वचन लिहिले इसवी सन १९७ च्या सुमारास, आणि लिहिले रोमन अधिकाऱ्यांना उद्देशून. तलवार ज्यांच्या हाती होती त्यांना तो सांगत होता की तुमच्या क्रौर्याने आम्ही संपणार नाही. संकटात सापडलेल्याने सत्ताधाऱ्याला दिलेले ते आव्हान होते. तेच वचन सुखरूप माणसाने संकटातल्या माणसाला ऐकवले की त्याचा अर्थ उलटा होतो. पुढे खुद्द तर्तुल्यानही कठोर होत गेला. छळाच्या वेळी पळून जाणे त्याने निषिद्ध ठरवले. एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी जा, ही येशूची आज्ञा फक्त प्रेषितांपुरती होती, असा त्याचा युक्तिवाद. सुदैवाने ख्रिस्तसभेने तो स्वीकारला नाही.

नीरोने केलेला छळ, ख्रिस्ती लोकांविषयी प्लिनीने सम्राट त्राजानला पाठवलेले पत्र, १७७ साली ल्योनमध्ये झालेला छळ, हे सारे वाचकांना ठाऊक आहे. त्या काळातला छळ भयंकर असला तरी तुटक होता; एका शहरात आग, शेजारच्या शहरात शांतता. कोण कसा मेला हाच मुख्य प्रश्न राहिला आणि त्या मरणांच्या कथा जपल्या गेल्या. मागे राहिलेल्यांचे काय, हा प्रश्न अजून पुरता उभाच राहिला नव्हता.

तो उभा केला सम्राट देसियसने. त्याच्या आज्ञेनुसार साम्राज्यातल्या रहिवाशांनी देवतांना बळी अर्पण करायचा, प्रसाद चाखायचा आणि अधिकाऱ्यांकडून तसा दाखला घ्यायचा होता. २५० सालच्या उन्हाळ्यातले असे कितीतरी दाखले इजिप्तच्या वाळूत पपायरसवर सापडले आहेत. कार्थेजमध्ये अर्पणासाठी एवढी झुंबड उडाली की अधिकाऱ्यांनी लोकांना उद्या या म्हणून सांगितले. हे कोणा शत्रूने लिहिलेले नाही; तिथला बिशप सिप्रियान स्वतः ते दुःखाने नोंदवतो. काहींनी धावत जाऊन बळी दिला, काही यातनांनंतर मोडले, काहींनी पैसे चारून नुसता दाखला मिळवला. रक्तसाक्षींच्या पराक्रमावर पोसलेली ती मंडळी होती, आणि तिथल्या बहुसंख्यांना तग धरता आला नाही.

सिप्रियान शहर सोडून लपला. त्याबद्दल त्याला बोल लावला गेला, आजही लावला जातो. पण लपलेल्या जागेवरून त्याने लिहिलेली पत्रे वाचा. तुरुंगातल्या बंधुभगिनींना भेटायला गर्दी करून जाऊ नका, पहारेकऱ्यांना संशय येईल आणि दार कायमचे बंद होईल. धर्मगुरूंनी आळीपाळीने जावे, सोबतचा सेवकही दर वेळी वेगळा असावा. विधवा, आजारी, निर्धन यांना माझ्या पैशातून द्या. तुरुंगात कोणी मेले तर तारीख टिपून ठेवा. छळाला उत्तर कसे द्यावे याचे याहून व्यवहारी मार्गदर्शन मला माहीत नाही. तर्तुल्यानचे लेखन सिप्रियान रोज वाचत असे आणि त्याला गुरू म्हणत असे, असे पुढे जेरोमने नोंदवले. कृती मात्र त्याने गुरूहून वेगळी केली.

याच पत्रव्यवहारात रोममधल्या दोन स्त्रियांची हकीकत येते. एकीने बळी अर्पण केला होता, दुसरी लाच देऊन सुटली होती. दोघी पश्चात्तापात होत्या. कार्थेजहून पळालेले ६५ जण आले, तेव्हा या दोघी बंदरावर त्यांना आणायला गेल्या आणि त्यांची सारी काळजी वाहू लागल्या. ज्यांना कच्चे म्हणून ओवाळून टाकायचे, त्यांनीच निर्वासितांना जेवू घातले. अशा माणसांना दाराबाहेर किती दिवस ठेवायचे?

२५१ साली कार्थेजच्या धर्मपरिषदेपुढे हाच प्रश्न आला. या टप्प्याचे वाचन नेहमी चुकते असे मला वाटते. कोणी म्हणतात, इथून ख्रिस्तसभा ढिली पडली. कोणी म्हणतात, तुरुंग भोगून आलेले वीर आणि बिशप यांच्यात क्षमा कोणी द्यायची यावर सत्तेची ओढाताण झाली. ओढाताण झाली हे खरे. पण तुरुंगातले वीर मोडलेल्यांसाठी शिफारसपत्रे देत होते, आणि बिशप म्हणत होता की प्रत्येकाची हकीकत ऐकून ठरवू. परतीची वाट असावी, हे दोघांनाही मान्य होते. भांडण होते ते वाट कशी असावी यावर. हौसेने धावणारा आणि यातनांनी मोडलेला एकाच मापाने मोजायचा नाही, असे ठरले. घरातल्या सगळ्यांवरचे संकट टळावे म्हणून एकट्याने जाऊन बळी दिला आणि पुढे पळून आलेल्यांना घरात आसरा दिला, अशा माणसाचेही उदाहरण सिप्रियान देतो आणि त्याची बाजू मांडतो. रोममध्ये नोव्हातियान या धर्मगुरूने मोडलेल्यांना परत न घेणारी, पवित्र लोकांची वेगळी मंडळी काढली. सिप्रियान तिकडे गेला नाही.

थोड्याच काळात नव्या छळाची चिन्हे दिसू लागली, तेव्हा आफ्रिकेतल्या बिशपांनी पश्चात्ताप करणाऱ्या सगळ्यांनाच आत घेतले. त्यांचे कारण महत्त्वाचे आहे: संकट येत असताना आपल्या माणसांना निःशस्त्र ठेवू नये. क्षमा हीच त्यांच्या मते पुढच्या लढ्याची तयारी होती. न्युमिदियातून टोळ्यांनी पळवून नेलेल्यांना सोडवण्यासाठी कार्थेजच्या मंडळीने १ लाख सेस्टर्स जमवून पाठवले. साथ पसरली तेव्हा परधर्मीयांचीही सेवा करा, असे सिप्रियानने सांगितले. २५८ मध्ये तोच सिप्रियान शांतपणे शिरच्छेदाला सामोरा गेला. लपणे आणि मरणे, दोन्ही त्याच्या कर्तव्यबुद्धीत बसत होते.

पुढचा इतिहास झटपट सांगता येतो. सम्राट दायोक्लेशियनच्या छळानंतर आफ्रिकेतल्या दोनातपंथीयांनी पुन्हा शुद्धतेचा हट्ट धरला, आणि पुढे राजसत्ता मुख्य ख्रिस्तसभेच्या बाजूला आल्यावर त्यांच्यावर बळजबरी करायला ऑगस्टिनने समर्थन पुरवले. छळ सोसलेल्यांचे वारस छळ करणारे झाले. ज्या आफ्रिकेत इतके रक्त सांडले, तिथली ती मंडळी कालांतराने जवळजवळ नाहीशी झाली. रक्तातून पीक येतेच असा नियम असता, तर असे घडले नसते.

जपानकडे पाहू, कारण तिथे आपले एक माणूस आहे. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला २६ रक्तसाक्षींपैकी एक म्हणून क्रुसावर मेले. १८६२ मध्ये ते संत झाले. वसईत त्यांचा सण होतो, तो व्हावाच. पण १६१४ च्या बंदीनंतर नागासाकी परिसरातली जी कुटुंबे येशू-मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवून, घरी येऊन पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत राहिली, त्यांची आठवण आपण क्वचितच काढतो. दोनशेहून अधिक वर्षे धर्मगुरूविना त्यांनी मुलांना बाप्तिस्मा दिला. १८६५ मध्ये नागासाकीतल्या ओउराच्या चर्चमध्ये येऊन त्यांनी आपली ओळख सांगितली. २६ रक्तसाक्षींनी साक्ष दिली, आणि पाय ठेवणाऱ्यांनी ती नातवंडांपर्यंत पोचवली. दोघांनाही आपले म्हणण्याची हिंमत आपल्याला हवी.

म्हणून विनंती आहे. यापुढे असा संदेश आला तर पुढे पाठवण्यापूर्वी थांबा. तिथे वकील लागतो आहे का, जामिनाचे पैसे कमी पडताहेत का, मुलांची शाळा सुटली आहे का, हे विचारा. पळून आलेल्याला खोली द्या. दबावाखाली मान तुकवलेला माणूस परत आला तर त्याला प्रश्न विचारायच्या आधी जवळ बसवा. आणि उद्या दुसऱ्या धर्माच्या शेजाऱ्यावर जमाव चालून आला तर त्याच्याही दाराशी उभे राहा. मरणाची तयारी ज्याची त्याने ठरवायची असते. ती दुसऱ्याच्या वतीने जाहीर करण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही.