ओळख पटेपर्यंत

वसईसारख्या वाड्यांच्या प्रदेशात पावसाळ्यात एक प्रसंग घरोघरी घडतो. दिवेलागणीची वेळ असते. मोरीपाशी, पडवीतल्या कुंडीमागे किंवा सरपणाच्या ढिगाजवळ हातभर लांबीचा एखादा साप दिसतो आणि पहिली हाक ऐकू येते ती ‘काठी आणा’ अशी. ‘हा कोणता?’ हा प्रश्न नंतर विचारला जातो, आणि तोही बहुधा मेलेल्या सापाभोवती उभे राहून. म्हणजे शिक्षा आधी आणि चौकशी शेवटी. माणसाच्या बाबतीत ही उलटी रीत आपण क्षणभरही सहन करणार नाही. सापाच्या बाबतीत मात्र ती आपल्याला शहाणपणाची वाटते. ती खरोखर शहाणपणाची आहे काय, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

आपल्याकडील तत्त्वचिंतकांनी सापाचा एक दृष्टांत पिढ्यान्‌पिढ्या वापरला आहे. अंधुक प्रकाशात पडलेली दोरी साप भासते. दिवा आणला की साप नाहीसा होतो आणि त्याबरोबर भयही. वेदान्ताने हा रज्जुसर्पाचा दाखला जगाच्या स्वरूपाविषयी बोलण्यासाठी घेतला. आपल्या अंगणातली अडचण याहून थोडी अवघड आहे. तेथे दिवा आणल्यावरही साप सापच राहतो. ‘साप आहे की नाही’ हे कळले, तरी ‘कोणता आहे’ हे कळायचे उरतेच. आणि सारे नैतिक उत्तरदायित्व या दुसऱ्या प्रश्नाशी बांधलेले आहे.

भारतात सापांच्या तीनशेहून अधिक जाती आहेत. त्यांपैकी नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांकडे आपल्याकडील बहुतेक प्राणघातक दंशांची जबाबदारी जाते. घराजवळ दिसणारा ‘छोटा साप’ हा मात्र कोणी एकच प्राणी नव्हे. ओल्या मातीतून निघणारा, गांडुळासारखा दिसणारा वाळा असतो. तो मुंग्या व वाळवी यांची अंडी-पिल्ले खाऊन जगतो आणि माणसाला चावून इजा करण्याइतके त्याचे तोंडच नसते. पाठीवर दोन पिवळसर रेघा असलेली, बेडकांच्या मागे फिरणारी नानेटी असते. पाणथळ जागेतील दिवडाचे पिल्लू असते. पालींच्या शोधात भिंतीवर चढलेला कवड्या असतो. हे सारे निरुपद्रवी. आणि क्वचित याच मेळ्यात मण्यार असते, जिचे विष आपल्याकडील सापांमध्ये अतिशय जहाल मानले जाते.

कवड्या आणि मण्यार यांची गल्लत ही सर्वांत जुनी आणि सर्वांत महागडी. दोघेही निशाचर, दोघांच्याही अंगावर आडवे पट्टे. कवड्याचे अंग तपकिरी. त्यावरचे फिकट पट्टे मानेपासूनच सुरू होतात, पुढच्या भागात ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे अंग निळसर काळे, तुकतुकीत. त्यावरचे बारीक पांढरे पट्टे बहुधा जोडीजोडीने येतात, डोक्यामागे काही अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे अधिक स्पष्ट होतात. मण्यारीच्या पाठीच्या मधोमध शेजारच्या खवल्यांहून मोठ्या, षटकोनी खवल्यांची एक रांग असते. कवड्याला ती नसते. कवड्या भिंतीवर सराईतपणे चढतो. मण्यार सहसा जमिनीवर, बिळांत आणि विटादगडांच्या फटींत असते.

इतके पाठ केले म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. मण्यारीच्या पिल्लाच्या अंगावरचे पट्टे थेट मानेपर्यंतही स्पष्ट असू शकतात. म्हणजे साप लहान असताना, जेव्हा या खुणेची सर्वाधिक गरज असते, तेव्हाच ती डळमळते. खवल्यांची रांग ही त्याहून भरवशाची खूण; पण ती निरखण्यासाठी जितके जवळ जावे लागते, तितके जवळ जाणे हाच धोका. ‘लहान’ या शब्दानेही आपण फसतो. लहान म्हणजे बिनविषारी, असे काहींना वाटते. पिल्लाचे विष मोठ्या सापाहून अधिक घातक, असे इतर काही सांगतात. वास्तविक मण्यारीचे पिल्लू अंड्यातून बाहेर येते तेच विष आणि विषदंत घेऊन. आणि विषाचा साठा मोठ्या सापाजवळच अधिक असतो. लांबीवरून निष्कर्ष काढू नये, एवढेच यातून घ्यायचे.

अशा संशयाच्या स्थितीत माणसाने कसे वागावे? सेमिनरीत नीतिशास्त्र शिकवताना शिकाऱ्याचे एक उदाहरण हमखास दिले जाते. झुडपात काहीतरी हलते. ते हरिण आहे की माणूस, हे शिकाऱ्याला ठाऊक नाही. त्याने बाण सोडावा काय? उत्तर निःसंदिग्ध आहे: संशय फिटेपर्यंत सोडू नये, जेथे प्राणाचा प्रश्न आहे तेथे अधिक सुरक्षित मार्ग धरावा. आता कोणी म्हणेल, सापाच्या बाबतीत अधिक सुरक्षित मार्ग म्हणजे त्याला ठेचणे. वरवर पाहता हे पटते. परंतु ठेचण्यासाठी काठीच्या अंतरावर जावे लागते. कोंडलेला, जखमी झालेला साप उलटतो. आणि साप मारायला किंवा पकडायला गेलेल्यांनाच दंश झाल्याची उदाहरणे थोडी नाहीत. अधिक सुरक्षित मार्ग म्हणजे मागे सरकणे, मुलांना दूर नेणे, दुरून नजर ठेवणे आणि जाणत्या सर्पमित्राला बोलावणे. संशय आपल्याला मारण्याचा परवाना देत नाही. तसाच तो हाताळण्याचाही देत नाही.

या दुसऱ्या वाक्यावर थोडे थांबावे लागेल. कारण अलीकडे भीतीच्या जोडीला दुसराही एक मोह आला आहे, तो भूतदयेचा. ‘बिचारा कवड्या असेल’ म्हणून हातात उचलणारे, त्याच्यासह छायाचित्र काढून घेणारे तरुण आपण पाहतो. त्यांचा हेतू चांगला असतो. तथापि चांगला हेतू हा ज्ञानाला पर्याय होऊ शकत नाही.

संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात आपल्या ‘सुम्मा’ या ग्रंथात एक भेद केला आहे, तो येथे फार उपयोगी पडतो. माणसाविषयी संशय असेल, तर त्याच्याविषयी बरे तेच धरून चालावे. कारण पुराव्यावाचून वाईट मानणे हा त्याच्यावरील अन्याय होय. वस्तूंची गोष्ट निराळी. आपण वस्तूविषयी बरे मत बनवले काय किंवा वाईट, वस्तूचे काही बिघडत नाही. तेथे प्रश्न मत बनवणाऱ्याच्या सत्यनिष्ठेचा असतो. म्हणून वस्तू जशी आहे तशीच ती जाणण्याचा प्रयत्न करावा.

अंगणातला साप या विभागणीत कोठे बसतो? तो माणूस नव्हे. त्याला अब्रू नाही, हेतू नाही, अपराधही नाही. त्याला संशयाचा फायदा देऊन त्याचा कोणताही सन्मान होत नाही. उलट मण्यारीला दिलेला संशयाचा फायदा एखाद्या बालकाच्या जिवावर बेतू शकतो. पण तो निर्जीव वस्तूही नव्हे. आपले मत चुकले तर त्याचे बिघडते, तो मरतो. म्हणून सापाच्या बाबतीत माणसाला द्यावयाची उदारता पुरत नाही आणि वस्तूविषयीची बेफिकिरीही चालत नाही. त्याला दया नको, द्वेषही नको; त्याला हवे ते आपले लक्षपूर्वक पाहणे. भीती आणि भाबडेपणा या दोहोंत एक साम्य आहे: दोघीही पाहण्याचे कष्ट वाचवतात.

येथे एक प्रामाणिक आक्षेप येतो. ज्याच्या झोपडीत जमिनीवर मुले निजलेली आहेत, ज्याच्या गावी सर्पमित्र नाही, त्याला हे तत्त्वज्ञान कसे परवडावे? आक्षेप रास्त आहे. ‘ईलाइफ’ या नियतकालिकात २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावल्याचा अंदाज दिला. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांत पाव हिश्श्याहून अधिक मुले पंधरा वर्षांखालील होती. हे मृत्यू प्रामुख्याने खेड्यांतले, गरिबांचे. माणसाच्या प्राणापुढे सापाचा प्राण दुय्यम आहे, यात संदेह नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदाही स्वतःच्या वा दुसऱ्याच्या बचावासाठी सद्‌भावनेने केलेली हत्या गुन्हा मानत नाही. परंतु धोका ओळखून, दुसरा उपाय उरला नाही म्हणून मारणे आणि न ओळखता, सवयीने मारणे या दोन कृती एक नव्हेत. पहिलीत नाइलाज आहे. दुसरीत केवळ आळस आहे. ज्याच्या घरी धोका अधिक, त्याला ओळखीचे ज्ञान कमी लागते असे नाही, अधिकच लागते.

आपण ठेवलेली नावेसुद्धा कधी निवाडा करून मोकळी होतात. डुरक्या घोणस हा बिनविषारी साप. जाडसर अंग, पाठीवर ठिपके, आखूड शेपटी. घोणशीसारखा दिसतो म्हणून नावातच घोणस आली, आणि त्या साम्यापायी तो मारला जातो. उलट मांडुळाला ‘दुतोंड्या’ म्हणून गुप्तधनाशी जोडले गेले आणि तो निरुपद्रवी जीव तस्करांच्या पोत्यात गेला. एकाला चुकीच्या भीतीने मारले, दुसऱ्याला चुकीच्या लोभाने पकडले. दोघांचा घात करणारी गोष्ट एकच, ती म्हणजे न पाहता ठरवलेली ओळख.

बायबलमधील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात याच स्वभावाचे एक मार्मिक चित्र आहे. जहाज फुटून माल्टा बेटावर पोहोचलेला संत पौल शेकोटीत काटक्या टाकत असता त्यांतून साप निघून त्याच्या हाताला विळखा घालतो. बेटावरचे लोक तत्काळ ठरवतात की हा माणूस खुनी असला पाहिजे. तो मरत नाही असे पाहून तेच लोक त्याला देव ठरवतात. दोन्ही निवाडे आत्मविश्वासाचे, दोन्ही चुकीचे. विशेष असे की हे लोक आतिथ्यशील होते. थंडीपावसात त्यांनीच परक्यांसाठी शेकोटी पेटवली होती. उतावळा निवाडा करायला माणूस दुष्ट असावा लागत नाही.

दंश झाल्यानंतर मात्र कर्तव्याचा क्रम बदलतो. तेव्हा सापाची ओळख पटवण्यात एक मिनिटही घालवू नये. भारतात दिले जाणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर एकत्रित काम करते. डॉक्टर रुग्णाच्या लक्षणांवरून निर्णय घेतात: पापण्या जड होतात काय, श्वास लागतो काय, काचेच्या नळीत ठेवलेले रक्त वीस मिनिटांत गोठते काय. म्हणून साप शोधू नये, मारून रुग्णालयात नेऊ नये. जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. रुग्णाला धीर द्यावा, दंश झालेला अवयव हलू देऊ नये आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यावे. मण्यारीचा दंश तर पुष्कळदा दुखतही नाही, सुजतही नाही. रात्री जमिनीवर निजलेले मूल पहाटे पोट दुखते म्हणून उठते आणि त्याच्या पापण्या मिटू लागतात. तेथे ‘कवड्याच असेल’ हे वाक्य प्राणघातक आहे.

मांत्रिकाचे दुकान याच अज्ञानावर चालते. दंश करणाऱ्या सापांत बिनविषारी पुष्कळ असतात, आणि विषारी सापही प्रत्येक वेळी विष सोडतोच असे नाही. असा रुग्ण मंत्राशिवायही बराच झाला असता. तो बरा होतो आणि श्रेय मंत्राला मिळते. कवड्याच्या निरुपद्रवीपणावर मांत्रिकाची कीर्ती उभी राहते, आणि त्या कीर्तीवर विश्वासून मण्यारीने दंशलेल्याला त्याच्याच दारी नेले जाते. सापाची चुकीची ओळख म्हणजे केवळ सापावरील अन्याय नव्हे. तिची किंमत शेवटी कोणाचे तरी मूल मोजते.

वाचकहो, ओळखण्याचे काम संकटाच्या क्षणी होत नाही. ते आधी करून ठेवावे लागते. आपल्या परिसरातील दहाबारा सापांची नावे आणि खुणा शाळेच्या भिंतीवर लावता येतील. पावसाळ्यापूर्वी एखाद्या रविवारी जाणकाराला बोलावून त्या मुलांना समजावून देता येतील. घराजवळचा विटादगडांचा ढीग हलवावा, उंदरांना अन्न मिळू देऊ नये, रात्री बॅटरी घेऊनच बाहेर पडावे, निजताना मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचावी आणि जवळच्या कोणत्या रुग्णालयात प्रतिविष असते याची आजच चौकशी करावी. एवढे करूनही एखादा साप ओळखता येणार नाही. त्या वेळी ‘मला ठाऊक नाही’ असे म्हणून चार पावले मागे सरण्यात कमीपणा नाही. मुलांना मण्यारीच्या खुणा शिकवाव्यात, आणि त्यांच्याबरोबर हे मागे सरणेही शिकवावे.