कॅपिटल पुसण्याआधी

ई-आधारची पीडीएफ उघडायची तर नावाची पहिली चार अक्षरे कॅपिटलमध्ये आणि त्यापुढे जन्मवर्ष टाकावे लागते. प्राप्तिकर विवरणपत्राची पोचपावती उघडायची तर पॅन टाकायचा, पण स्मॉलमध्ये, आणि पुढे जन्मतारीख. पॅन कार्डावर अक्षरे छापलेली असतात ती मात्र कॅपिटलच. माणूस तोच, सरकार तेच, किल्ल्या दोन तऱ्हेच्या. फरीदाबादेत विवरणपत्राच्या हंगामात एखाद्या सायबर कॅफेत उभे राहिलात, तर ‘छोटी एबीसीडी में डालो’ हे वाक्य कानावर पडल्याशिवाय राहायचे नाही. कार्डावर जसे छापले आहे तसे टाइप करणे चूक ठरते, याचे स्पष्टीकरण कॅफेवाल्याकडे नसते. खरे तर ते कुणाकडेच नाही. कुणीतरी कधीतरी प्रोग्राम लिहिताना सगळे स्मॉल करून टाकले असावे आणि तोच नियम झाला असावा.

संगणकाला हे काम फार सोपे असते. कॅपिटल ‘ए’चा आकडा 65, स्मॉल ‘ए’चा 97. प्रत्येक अक्षरात बरोबर 32 चे अंतर. ॲस्की या संकेतावलीच्या 1963 सालच्या पहिल्या आवृत्तीत स्मॉल अक्षरे नव्हतीच, ती 1967 मध्ये आली, आणि आली ती एक बिट बदलला की जात बदलावी अशा बेताने. काम इतके स्वस्त आहे म्हणूनच ते नको तिथेही उरकले जाते.

माझे म्हणणे थोडक्यात असे: स्मॉल करणे हे तुलनेचे साधन आहे, साठवणुकीचे नव्हे.

एखाद्या पुरवठादाराकडची ग्राहकांची यादी घ्या. शहराच्या रकान्यात एकाने फरीदाबाद सगळे कॅपिटलमध्ये लिहिले, दुसऱ्याने फक्त पहिले अक्षर कॅपिटल ठेवले, तिसऱ्याने मोबाइलवरून सगळे स्मॉल टाकले. साध्या प्रोग्रामच्या लेखी ही तीन शहरे. वर्णानुक्रम लावला तर आणखी मजा. कॅपिटलचे सगळे आकडे स्मॉलच्या आधी येत असल्यामुळे कॅपिटलमधले झाशी स्मॉलमधल्या आग्र्याच्या आधी येऊन बसते. इथे तिन्ही नोंदी स्मॉल करून मग ताडून पाहणे हाच शहाणपणा. शोध घेताना, दुबार नावे काढताना, ई-मेलचे पत्ते जुळवताना हेच करावे. फक्त ते प्रतीवर करावे, मूळ नोंद तशीच राहू द्यावी.

मूळ नोंदीवर केले तर काय जाते, हे फरीदाबादेतच पाहता येते. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांसाठी इथे न्यू इंडस्ट्रियल टाउन वसवले गेले. आजही लोक त्याला एनआयटी म्हणतात. ती तीन कॅपिटल अक्षरे स्मॉल केली की इंग्रजीत उरतो उवेच्या लिखेचा शब्द. (देवनागरीत ही गंमत दाखवता येत नाही, वाचकांनी मनात रोमन अक्षरे मांडून घ्यावीत.) मग कुणीतरी म्हणते, पहिले अक्षर पुन्हा कॅपिटल करू. एक्सेलमध्ये त्यासाठी ‘प्रॉपर’ नावाचे सूत्र आहेच. त्याने ओल्ड फरीदाबाद आणि बाटा चौक ही मेट्रो स्थानके सुधारतात, पण एनएचपीसी चौकात फक्त ‘एन’ मोठा राहतो आणि कंपनीचे आद्याक्षरी नाव एखाद्या अगम्य शब्दासारखे दिसू लागते. पुसलेले कॅपिटल नेमके कुठे होते, हे सूत्राला कळत नाही. माणसालाही यादी समोर नसेल तर कळत नाही.

एनएचपीसीचे नाव निघालेच आहे, तर खरा धोका तिथेच दिसतो. या जलविद्युत कंपनीचे मुख्यालय फरीदाबादला आहे आणि तिचा सगळा हिशेब मेगावॅटमध्ये. मेगावॅटच्या चिन्हातला ‘एम’ कॅपिटल. तो स्मॉल केला की मिलिवॅट. दोहोंत शंभर कोटी पटींचे अंतर. हिमाचलातल्या चमेरा-1 प्रकल्पाची क्षमता 540 मेगावॅट. सगळा अहवाल एका फटक्यात स्मॉल करणाऱ्याच्या कागदावर ती अर्ध्या वॅटच्या जेमतेम वर उरते, म्हणजे घरातला शून्याचा बल्बही त्यावर नीट लागणार नाही. वाचणारा अभियंता संदर्भाने समजून घेईल. पण हल्ली अहवाल आधी यंत्रे वाचतात. रसायनशास्त्रात तेच: दोन्ही अक्षरे कॅपिटल असतील तर कार्बन मोनॉक्साइड, दुसरे स्मॉल असेल तर कोबाल्ट. हवेच्या प्रदूषणाच्या तक्त्यात हा फरक किरकोळ म्हणता येणार नाही.

पासवर्डाला तर हात लावूच नये. नुसत्या अक्षरांचा आठ अक्षरी पासवर्ड घेतला, तर लहानमोठ्याचा भेद मानल्याने शक्यता 256 पट वाढतात. तो भेद घालवणे म्हणजे चोराला तेवढी सवलत देणे. संकेतस्थळाच्या पत्त्यात डोमेनचे नाव कसेही लिहा, चालते, पण तिरप्या रेघेनंतरचा भाग अनेक सर्व्हरांवर अक्षरश: जुळावा लागतो.

आणि स्मॉल करणे हे वाटते तसे एकच एक काम नाही. तुर्कीने 1928 साली रोमन लिपी स्वीकारली तेव्हा ‘आय’ दोन ठेवले, टिंबाचा आणि बिनटिंबाचा, आणि दोघांना आपापले कॅपिटल दिले. त्यामुळे प्रोग्राम तुर्की पद्धतीवर चालत असेल तर कॅपिटलमधल्या फरीदाबादचा ‘आय’ स्मॉल होताना टिंब गमावतो आणि शहर यादीत सापडेनासे होते. ग्रीकमध्ये एकाच कॅपिटल सिग्माची स्मॉल रूपे दोन, शब्दाच्या शेवटी वेगळे. म्हणून तुलनेसाठी युनिकोडने केस फोल्डिंग अशी वेगळी पद्धत ठरवून दिली आहे. जाणकार प्रोग्रामर तीच वापरतो.

वाचणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर स्मॉलची बाजू भक्कम आहे. ब्रिटनमध्ये जॉक किनीर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी 1958 च्या प्रेस्टन बायपासपासून रस्त्यांवरच्या पाट्यांत गावांची नावे पहिले अक्षर कॅपिटल आणि बाकी स्मॉल अशी आणली. वर जाणारे, खाली उतरणारे दांडे असले की शब्दाला आकार येतो. आपल्या रेल्वे स्थानकांच्या पिवळ्या पाटीवर एकच नाव असते, तिथे कॅपिटल खपून जाते. कचेऱ्यांची आख्खी परिपत्रके कॅपिटलमध्ये काढणाऱ्यांना मात्र कुणीतरी आवरायला हवे.

देवनागरीत लहानमोठी अक्षरे नाहीत, तेव्हा आपण सुटलो असे मराठी माणसाला वाटते. तसे नाही. कुणी फरीदाबाद लिहितो, कुणी फरिदाबाद. ‘ॲड.’मधला ‘ॲ’ संगणकात दोन तऱ्हांनी लिहिला जातो: एक अखंड अक्षर म्हणून, किंवा ‘अ’वर चंद्र देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण यंत्राला वेगळे, आणि युनिकोडचे नेहमीचे प्रमाणीकरणही ते एक करत नाही. वकिलांच्या यादीत एका तऱ्हेने शोधले तर दुसऱ्या तऱ्हेने नोंदलेले वकील सापडत नाहीत. मराठी मजकुरावर स्मॉल करण्याची आज्ञा चालवून काहीच घडत नाही, आणि आपले जे करायला हवे ते इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्रामांत बहुधा नसतेच. ग्रंथालयांच्या सूची, मतदारयाद्या, सरकारी संकेतस्थळे यांचे काम करणाऱ्यांनी निदान शोधाच्या वेळी हे दोन ‘ॲ’ एक मानावेत आणि फरीदाबाद-फरिदाबादसारखी ऱ्हस्व-दीर्घाची गल्लत पोटात घालावी. नाव मात्र ज्याने जसे लिहिले तसेच ठेवावे.