भिंतीपलीकडचे रडणे कोणाचे?

आमच्या चाळीत दोन खोल्यांच्या मध्ये एका विटेची भिंत आहे. पलीकडे कुकरच्या किती शिट्या झाल्या तेही अलीकडे मोजता येते. म्हणून त्या रात्री शेजारी काय चालले होते ते मला ऐकू आले नाही, असे मी कोणालाही सांगू शकत नाही. आधी भांडे आदळले, मग त्या भगिनीचा दाबलेला आवाज आला, मग मूल रडू लागले. मी उठलो. आई म्हणाली, "बस खाली पोरा. नवरा-बायकोचं भांडण हाय, आपण कशाला मधी पडायचं?" मी बसलो. टीव्हीचा आवाज तेवढा वाढला. तो कोणी वाढवला, याबद्दल घरात कोणी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात मला समतेचा धडा शिकवायचा होता. मी तो शिकवलाही. खडू हातात असताना मनात एकच प्रश्न घोळत होता : भिंतीपलीकडच्या अन्यायाला 'त्यांचा खासगी मामला' म्हणण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला?

हा 'खासगी' शब्द आपल्या समाजाला नवा नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर विरोधक कोर्टात गेले ते कोणता दावा घेऊन? तळे सार्वजनिक नाही, खासगी मालमत्ता आहे, हाच दावा घेऊन! तो खोटा पाडायला १९३७ साल उजाडले. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना 'हे आमचे खासगी आहे' म्हणून पाण्यापासून हाकलले गेले, त्यांनीच आज शेजारणीच्या किंकाळीला खासगी म्हणावे काय? जिथे एक माणूस दुसऱ्याला मारतो आणि मार खाणाऱ्याला जायला जागा नसते, तिथे खासगीपण मारणाऱ्याच्याच उपयोगी पडते.

शिवाय आपण निव्वळ शेजारी नाही, साक्षीदारही आहोत. आपल्या मंगल परिणयात वर प्रतिज्ञा घेतो : पत्नीचा सन्मान करीन, तिचा अपमान करणार नाही, तिच्याशी एकनिष्ठ राहीन, घरातील अधिकार तिच्या हाती देईन, वस्त्रालंकार देऊन तिला संतुष्ट ठेवीन. भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या तरुणाला सांगितलेली पतीची पाच कर्तव्ये हीच. ती ऐकायला मांडवात दोन-तीनशे माणसे असतात. जेवून सगळे घरी जातात आणि पुढे ती प्रतिज्ञा भिंतीपलीकडे मोडली जात असताना यातल्या कोणालाच काही आठवत नाही! १९४२ च्या जुलैत नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले होते की, पत्नीने पतीची मैत्रीण व बरोबरीची म्हणून उभे राहावे, गुलाम होण्यास नकार द्यावा. तो नकार तिने एकटीने द्यावा आणि आपण टीव्ही पाहावा, असा त्याचा अर्थ खासच नाही.

कोणी म्हणतो, दारू वाईट, माणूस चांगला आहे. दारू वाईट आहेच. पण मी पाहिले आहे, प्यालेला माणूस मुकादमावर हात उगारत नाही, पोलिसाला शिवी देत नाही. घरी पोहोचेपर्यंत त्याला कोणावर हात टाकता येतो याची पुरती शुद्ध असते.

या प्रकाराची व्याप्ती किती? २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी शंभरात सुमारे २९ जणींनी नवऱ्याकडून मारहाण वा लैंगिक बळजबरी सोसल्याचे सांगितले. हिंसा सोसणाऱ्यांपैकी मदत मागणाऱ्या मात्र शंभरात अवघ्या १४. बाकीच्या का मागत नाहीत? एकदा मागितली तेव्हा काय मिळाले, हे त्यांनी पाहिलेले असते. आपले पंच बसतात, दोघांना चहा पाजतात, 'ताई, जरा सांभाळून घे' म्हणतात आणि तिला त्याच खोलीत परत पाठवतात. समेट झाला म्हणून पंच खूश! समेट आणि न्याय यांतला फरक आपल्याला पुणे कराराने शिकवला नाही काय?

पूर्वी मी ज्या शाळेत होतो तिथे एक शिपाईबाई होत्या. उशिरा येत, मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचे पोलके घालत. पगाराच्या दिवशी त्यांचा नवरा फाटकापाशी उभा असे. आम्हा सर्व शिक्षकांना कारण ठाऊक होते. तरी त्यांना मिळाला तो उशिराबद्दलचा मेमो. स्टाफरूममध्ये एवढे पदवीधर, पण कोणी 'बाई, काय झालं?' एवढेही विचारले नाही. त्या गर्दीत मीही होतो. २०१३ चा कायदा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळापुरता आहे. घरात मार खाऊन कामावर आलेल्या बाईला त्यातून वाट नाही. पण कोर्टाच्या तारखेला रजा देणे, पगार फक्त तिच्याच खात्यात जमा करणे, फाटकाशी आलेल्या माणसाला तिची वेळ व पत्ता न सांगणे आणि तिने सांगितलेले चहाबरोबर न वाटणे, यासाठी कोणत्या कायद्याची वाट पाहायची?

शेजाऱ्यासाठी मात्र कायद्यात जागा आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याच्या चौथ्या कलमानुसार हिंसा झाली वा होऊ घातली आहे असे सकारण वाटणारा कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो. सद्‌भावनेने कळवणाऱ्यावर त्याबद्दल कोणताही दावा चालत नाही. घर नवऱ्याच्या नावावर असले तरी त्या घरात राहण्याचा तिचा हक्क हाच कायदा मानतो. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे. जिवावरचा प्रसंग असेल तर ११२.

आणि प्रत्येक वेळी कायद्याचे पुस्तक काढावे लागते असेही नाही. २००८ मध्ये 'बेल बजाओ' नावाची मोहीम निघाली होती. तिच्यात शेजारी एवढेच करी की, दाराची घंटा वाजवून दूध किंवा फोन मागे. मारणाऱ्याला कळे की कोणी ऐकत आहे. मात्र त्याच्याशी हमरीतुमरीवर येऊ नये. आपण निघून गेल्यावर त्याचा हिशेब तिच्याकडून चुकता होतो.

त्या रात्रीनंतर चार दिवसांनी आईच नळावर त्या भगिनीशी बोलली. उपदेश केला नाही, नवऱ्याला सोड म्हणाली नाही. कारण सोडायचे की राहायचे, केव्हा आणि कुठे, हे ठरवणे तिचेच आहे. करुणेच्या भरात आपण तेही तिच्या हातून काढून घेऊ, तर एक मालक जाऊन दुसरा आला एवढेच. आई इतकेच म्हणाली, "रातीला आमचं दार नुसतं लोटलेलं असतंय." तिसऱ्या दिवशी ती एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. आत रेशनकार्डाची प्रत, मुलाचा जन्मदाखला, बँकेचे पासबुक आणि दवाखान्याचे दोन कागद होते. आईने ती पिशवी आमच्या ट्रंकेत लुगड्यांखाली ठेवली आणि किल्ली कमरेला खोचली.

आज ती भगिनी त्या चाळीत राहत नाही, म्हणून हे लिहितो आहे. पिशवी न्यायला ती एका दुपारी आली, तेव्हा मी शाळेत होतो. संध्याकाळी घरी आलो तेव्हा आई ट्रंकेतली लुगडी पुन्हा घडी घालून लावत होती.