‘एवढं काय त्यात?’ (गीता २.१४)



आजचा श्लोक: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक १४.

काल तेराव्या श्लोकात भगवंतांनी आत्म्याबद्दल सांगितलं. बालपण जातं, तारुण्य जातं, म्हातारपण येतं. देह बदलत राहतो, आतला देही तोच असतो. एवढं मोठं तत्त्व सांगून झाल्यावर लगेच पुढच्या श्लोकात भगवंत कशाबद्दल बोलतात? थंडी आणि उन्हाळ्याबद्दल! इंद्रियांचा विषयांशी संबंध आला की सुखदुःख होतं, ते येतं आणि जातं, कायमचं टिकत नाही, म्हणून अर्जुना, ते सहन कर. हा या श्लोकाचा भावार्थ.

मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. घरात कुणी गेलं, नोकरी गेली, मोठं आजारपण आलं की आपण गीता उघडतो. पण सकाळी बादली भरायच्या आत पाणी गेलं, पलंगावर कुणीतरी ओला टॉवेल टाकला, मीटिंग सुरू असतानाच शेजारी ड्रिल मशीन लागलं, तेव्हा आपल्याला गीता आठवत नाही. तो आपला ‘खाजगी’ वैताग असतो. देवाला कशाला सांगायचा, असं वाटतं. भगवंत मात्र आत्मज्ञानाच्या अगदी जवळ थंडी-उन्हाळा आणून ठेवतात. म्हणजे रोजच्या त्रासात मन कसं वागतं हा किरकोळ विषय नाही. साधना तिथूनच सुरू होते.

आणि या एकाच श्लोकात अर्जुनाला दोन नावांनी हाक मारली आहे, कौंतेय आणि भारत. कौंतेय म्हणजे कुंतीचा मुलगा, भारत म्हणजे भरताच्या वंशातला. एक नाव आईकडचं, एक वडिलांच्या घराण्याचं. सहन कर म्हणताना भगवंत त्याला घरच्या माणसांची आठवण करून देतात. कुंतीमातेने आयुष्यभर किती सोसलं, हे काही अर्जुनाला नव्याने सांगायला नको होतं.

आता ‘सहन करणे’ याचा अर्थ. शास्त्रात याला तितिक्षा म्हणतात. शम, दम, उपरती, तितिक्षा, श्रद्धा, समाधान या षट्संपत्तीतली ती एक. संस्कृतात तितिक्षा हा शब्द ‘तिज्’ धातूपासून आला आहे. तीक्ष्ण आणि तेज हे शब्दही त्याच धातूचे. म्हणजे तितिक्षा ही काही बोथट, मरगळलेली अवस्था नव्हे. दात-ओठ खाऊन गप्प बसणं तर नव्हेच. तसं गप्प बसलेलं माणूस तीन दिवसांनी भाजीत मीठ कमी पडलं म्हणून फुटतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

तितिक्षा म्हणजे हातावर हात ठेवून बसणंही नाही. चौदाव्या श्लोकात सहन कर सांगणारे भगवंत पुढे फक्त चारच श्लोकांनी, अठराव्यात, अर्जुनाला म्हणतात, म्हणून युद्ध कर. तेव्हा छत गळत असेल तर प्लंबरला फोन करायचाच. पण गळती छतातच राहू दे, मनात नको.

इथपर्यंत बहुतेक प्रवचनांत ऐकायला मिळतं. मला आज त्यापुढचं एक बोलायचंय. हा श्लोक आपण नक्की कुणासाठी वापरतो?

श्रील प्रभुपादांनी या श्लोकाच्या तात्पर्यात दोन घरगुती उदाहरणं दिली आहेत. माघ महिन्याच्या थंडीतही माणूस पहाटे स्नान करतो. आणि मे-जूनच्या ऐन उन्हाळ्यातही गृहिणी स्वयंपाकघरात जायला कचरत नाही. पूर्वी मी हे वाचून पुढे जायचे. पण मे महिन्यात जुहूच्या स्वयंपाकघरात उभं राहून बघा. समुद्र जवळ, हवा दमट, आणि गॅसची ज्योत फडफडते म्हणून पंखा बंद. तिथे उभी असलेली बाई सहन करते, हे खरंच. पण आपण आतल्या खोलीत एसी लावून, हातात गीता घेऊन, ‘वा, काय तितिक्षा!’ म्हणायचं आणि वर ‘आई, चहा टाक ना’ अशी हाकही मारायची? भगवंतांनी तो श्लोक दुसऱ्याच्या सोसण्यावर आपली सोय करण्यासाठी सांगितलेला नाही.

आमच्याच घरातली गोष्ट सांगते. आमच्या भागात खाऱ्या वाऱ्याने लोखंड टिकत नाही. खिडकीच्या जाळ्या, कपाटाच्या बिजागऱ्या, सगळ्याला गंज. अशाच एका गंजलेल्या ब्रॅकेटने दगा दिला आणि स्वयंपाकघरातली फळी खाली आली. फळीवर चिनी मातीची बरणी होती. आजीची. दर मे महिन्यात कैरीचं लोणचं त्याच बरणीत मुरायचं, आई तिला पांढरा दादरा बांधायची. बरणीचे तुकडे झाले, आणि वर्षाचं लोणचं फरशीवर.

बाबा म्हणाले, ‘एवढं काय त्यात? काचेची मिळते की.’ भावाने तर फोनवर दोन मिनिटांत नवीन बरणी शोधूनही दाखवली. दोघांचाही हेतू चांगलाच होता. आई काही बोलली नाही. पण दोन दिवस घरात तिचा आवाज नव्हता.

तिसऱ्या दिवशी आत्या आली. तिने गीतेतलं काही सांगितलं नाही. स्वयंपाकघरात खालीच बसली आणि म्हणाली, ‘वहिनी, आई मोहरीची डाळ किती घालायची हो? मला तर आठवतच नाही.’ बरणी तिच्याही आईची होती ना! मग दोघी तासभर बोलल्या. थोडं रडल्या, बरंच हसल्या. शेवटी आईच म्हणाली, ‘जाऊ दे वन्सं, वस्तू होती, फुटली.’ त्याच आठवड्यात काचेच्या बरणीत नवं लोणचं पडलं.

बघा, ‘एवढं काय त्यात’ आणि ‘वस्तू होती, फुटली’ या दोन वाक्यांचा अर्थ जवळजवळ सारखाच आहे. पण पहिलं दुसऱ्याने सांगितलं, दुसरं आईला आतून उमगलं. पहिल्याने ती गप्प झाली, दुसऱ्याने मोकळी झाली. तितिक्षा आतून येते. बाहेरून कुणी लादली की ती नुसती घुसमट होते.

मग भगवंतांनी अर्जुनाला कसं सांगितलं? आधी पहिला अध्याय आठवा. अर्जुन त्यात बोलत राहतो, हात कापतायत, धनुष्य गळतंय, सगळं सांगतो, आणि भगवंत त्याला मध्येच अडवत नाहीत. आणि उपदेश करतात तो कुठून? त्याच रथातून. ऊन तेच, धूळ तीच. पुढे युद्धात भीष्मांचे बाण श्रीकृष्णांच्या अंगालाही लागले. रथात सोबत बसलेल्यानेच ‘सहन कर’ म्हणावं.

आपल्या संतांच्या घरातही हेच दिसतं. परंपरा सांगते, लोकांनी अपमान केला म्हणून ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले. भावंडांत सगळ्यात धाकट्या मुक्ताबाईने बाहेर उभं राहून त्यांची समजूत घातली. तेच ताटीचे अभंग. जग रागावलं तरी संताने शांत राहावं, असं ती भावाला सांगते. म्हणजे तितिक्षाच सांगते! पण तिला तो अधिकार होता. संन्याशाची मुलं म्हणून ज्यांना वाळीत टाकलं, त्या चौघांत तीही होती. अपमान तिच्याही वाट्याला आला होता. म्हणून तिचं सांगणं टोचलं नाही, दार उघडलं.

आपल्या घरांत आता ताटी नाही, बेडरूमचं दार असतं आणि कानात इअरफोन. दाराबाहेरून ‘क्षुल्लक गोष्टीवरून काय हे!’ म्हणणं सोपं आहे. पण गोष्ट क्षुल्लक आहे की नाही, हे ज्याची हरवली त्याने ठरवायचं. बाबांचं जुनं घड्याळ, बहिणीचं हरवलेलं एक कानातलं, आजोबांची चुकलेली सकाळची फेरी. आपल्याला त्यात काही वाटत नाही, कारण ते आपलं नाही.

माझ्यापुरता मी या श्लोकाचा सरळ नियम केलाय. स्वतःचा त्रास असेल तर श्लोक म्हणायचा. दुसऱ्याचा असेल तर आधी शेजारी जाऊन बसायचं.

आजचा अभ्यास: आज दिवसभरात घरातल्या कुणाला ‘एवढं काय त्यात’ म्हणायची वेळ आली, तर ते तीन शब्द गिळा आणि त्याऐवजी एक प्रश्न विचारा. आणि ज्यांच्या घरी आई किंवा आणखी कुणी आत्ता ओट्यापाशी उभं आहे, त्यांनी हे वाचून झाल्यावर फोन ठेवून दहा मिनिटं पोळ्या भाजायला जा. पंखा बंदच असेल. श्लोक तिथे जास्त चांगला समजतो.

उद्या श्लोक १५.

हरे कृष्ण!