कौल आणि निवाडा

लोकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधीची निवड लोकांनी न निवडलेल्या न्यायाधीशांनी रद्द करावी, हे लोकशाहीच्या तत्त्वात बसते काय, या प्रश्नाची भारतातील खरी कसोटी १९७५ मध्ये लागली. १२ जून रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांची रायबरेलीतील १९७१ ची निवड रद्दबातल ठरवली. प्रचारात सरकारी अधिकाऱ्याचे साहाय्य घेणे आणि सभांची व्यासपीठे सरकारी यंत्रणेकडून उभारून घेणे हा ‘भ्रष्टाचरणा’चा, म्हणजे निवडणूक कायद्याने निषिद्ध ठरवलेल्या वर्तनाचा, दोष सिद्ध झाला होता. मताधिक्य एक लाखाहून अधिक होते आणि व्यासपीठांमुळे ते मिळाले असे कोणी म्हणणार नाही. तथापि उमेदवाराच्या भ्रष्टाचरणाबाबत निकालावर परिणाम झाल्याचे सिद्ध करण्याची अटच कायद्यात नव्हती, कारण नियम मोडून मिळालेल्या मतांची बेरीज कितीही मोठी असली तरी तिला लोकांचा कौल म्हणता येत नाही, हे त्यामागील गृहीत होते.

ऑगस्टमध्ये ३९ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या कलम ३२९-अच्या चौथ्या खंडाने पंतप्रधानांच्या निवडीला जुना कायदा लागू नाही असे सांगितले, नवा निकष दिला नाही आणि निवड मात्र वैध ठरवली. वाद सोडवणे म्हणजे वस्तुस्थितीला कायदा लावणे, आणि येथे तर लावायला कायदाच उरला नव्हता, हा सर्वोच्च न्यायालयातील न्या. मॅथ्यू यांच्या विवेचनाचा गाभा या प्रकरणातील सर्वांत खोल विचार मानावा लागेल. ७ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो खंड रद्द केला. मुक्त व न्याय्य निवडणुका हा घटनेच्या मूलभूत चौकटीचा, म्हणजे घटनादुरुस्तीनेही नष्ट करता न येणाऱ्या तत्त्वांचा, भाग असल्याचे न्या. खन्ना यांनी म्हटले, तर न्या. यशवंत चंद्रचूड यांनी समतेच्या तत्त्वावर बोट ठेवले. मात्र निवडणूक कायद्यातील पूर्वलक्षी, म्हणजे मागील तारखेपासून लागू केलेल्या, दुरुस्त्या त्याच न्यायालयाने ग्राह्य धरल्याने इंदिरा गांधींची निवड अखेर कायम राहिली: तत्त्व वाचले, खटला पंतप्रधानांनी जिंकला.

न्यायालयाचे स्वातंत्र्य एकदा मिळवून जपता येण्याजोगी मालमत्ता नव्हे, हे पुढील एप्रिलमध्ये दिसले. आणीबाणीतील स्थानबद्धांना सुटकेसाठी न्यायालयाकडे दाद मागता येत नाही, असे म्हणणाऱ्या बहुमतात याच पाचांपैकी न्या. रे, न्या. बेग आणि न्या. चंद्रचूड होते, एकट्या न्या. खन्ना यांनी भिन्नमत नोंदवले, आणि जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून न्या. बेग सरन्यायाधीश झाले.